शून्यापासून फ्रेंच: मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीला सविस्तर उत्तर

प्रश्न: बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता पुण्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला फ्रेंच घेतलं आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांचं अकरावी-बारावीला फ्रेंच होतं, काहींचं तर आठवीपासून. वर्गात समजावून सांगतात ते इंग्रजीतून, आणि माझं इंग्रजी तितकंसं बरं नाही. दोन आठवड्यांतच मागे पडले आहे. विषय बदलायची मुदत अजून आहे. बदलू का? आणि नाही बदलला तर नेमकं काय करू?

उत्तर:

विषय बदलू नकोस. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. विद्यापीठात अगदी शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांना मी बरीच वर्षं शिकवते आहे. तू दिलेल्या दोन कारणांपैकी पहिलं, म्हणजे बाकीचे पुढे असणं, वर्ष संपेपर्यंत आपोआप गळून पडतं. दुसरं कारण मराठी माध्यम. ते मला अडचण वाटतच नाही, उलट ते तुझं भांडवल आहे, फक्त ते कसं वापरायचं हे आजवर तुला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून या उत्तराचा मोठा भाग त्यावरच आहे.

आधी पुढे असलेल्यांबद्दल. फ्रेंच शिकवणारे अशा विद्यार्थ्यांना 'फो देब्युतां' म्हणतात, म्हणजे नावाला नवशिके. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेजात पुष्कळ मुलं फ्रेंच घेतात ती गुण चांगले मिळतात म्हणून. ठरलेले धडे, ठरलेले प्रश्न, क्रियापदांचे तक्ते पाठ. त्यामुळे पहिले सहा-आठ आठवडे त्यांना सगळं ओळखीचं लागतं आणि तुला वाटतं की आपण एकट्याच अंधारात आहोत. पण यातल्या बहुतेकांनी फ्रेंच लिहिलेलं असतं, ऐकलेलं फारच थोडं. चुकीचे उच्चार त्यांच्या जिभेवर घट्ट बसलेले असतात आणि ते सुटायला फार वेळ लागतो. तुझी जीभ कोरी आहे. पहिल्या सत्रात कानावर मेहनत घेतलीस तर दुसऱ्या सत्राच्या मध्यावर तू त्यांच्या बरोबरीला असशील. हे मी दरवर्षी पाहते.

आता हिशेब. कौन्सिल ऑफ युरोप या संघटनेने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ला साधारण ६० ते १०० तास शिकणं लागतं, ए२पर्यंत एकूण १६० ते २००, बी१पर्यंत ३६० ते ४००, बी२पर्यंत ५६० ते ६५०, असं भाषा शिकवणाऱ्या संस्था ढोबळमानाने धरतात. तुझ्या कॉलेजात आठवड्याला चार तास असतील तर १५ आठवड्यांच्या सत्रात ६० तास होतात, वर्षात १२०. म्हणजे नुसतं वर्गात बसून वर्षअखेर ए१ जेमतेम ओलांडशील. त्यात रोज अर्धा तास घातलास तर ४० आठवड्यांत आणखी १४० तास पडतात आणि तू ए२च्या पलीकडे जातेस. परीक्षेच्या आधी रात्री जागून हे तास भरून निघत नाहीत, कारण कानाला सवय लागायला दिवस जावे लागतात.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? पहिला महिना फक्त उच्चार. वर्गात याला दोन-तीन तासिका देतात आणि पुढे सरकतात, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो. तू मात्र इथेच थांब.

फ्रेंचमधले त, द, प, क हे आपलेच आहेत. इंग्रजी बोलणारा माणूस 'टी' म्हणताना जीभ हिरडीला लावतो, आणि शब्दाच्या सुरुवातीचे 'पी' किंवा 'के' म्हणताना हवेचा झोत सोडतो. फ्रेंच त आणि द दातांना जीभ लावून होतात, आणि प, त, क अल्पप्राण असतात. लंडनच्या विद्यार्थ्याला जे मुद्दाम घोटून शिकावं लागतं ते तुला जन्मतः येतं. तरीही आपल्या वर्गांत 'टू', 'टाब्ल', 'डान्स' असे उच्चार ऐकू येतात, कारण मुलं फ्रेंच अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचतात. टी दिसला की त म्हण, डी दिसला की द म्हण. टेबलासाठीचा शब्द 'ताब्ल', पॅरिसचा उच्चार 'पारी'. एवढ्या एका बदलाने तुझं फ्रेंच वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा स्वच्छ ऐकू येईल.

जे आपल्याकडे नाहीत ते स्वर मात्र कष्टाने कमवावे लागतील. इंग्रजी 'यू' हे अक्षर फ्रेंचमध्ये एकटं आलं की ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल करायचे, ते जराही न हलवता आतून ई म्हणायची. आरशासमोर कर. 'ओ' आणि 'यू' जोडून आले की मात्र साधा आपला ऊ. हा फरक किती महत्त्वाचा, ते एका जोडीवरून कळेल. 'वर' आणि 'खाली' यांसाठीच्या फ्रेंच शब्दांत फक्त या शेवटच्या स्वराचा फरक आहे: एक 'दस्यु'सारखा, दुसरा 'दसू'. (पहिल्यातला 'यु' केवळ नाइलाजाने लिहिला आहे.) स्वर चुकला की पुस्तक टेबलावर आहे की टेबलाखाली, हेच उलटं होतं. तसाच 'दोन'साठीच्या शब्दातला स्वर: ओठ ओ म्हणण्याचे, आतून ए.

नाकातल्या स्वरांचं थोडं वेगळं आहे. आपण 'बंब' म्हणताना अनुस्वाराचा म करतो, 'संत' म्हणताना न. फ्रेंचमध्ये तिथे म किंवा न येत नाही, फक्त स्वर नाकातून जातो. हिंदीतले 'हाँ' आणि 'मैं' तुला म्हणता येतात ना, मग हेही येईल. वर्गात कोणी कोकणी किंवा मालवणी घरात बोलणारं असेल तर त्यांच्याकडून ऐक, त्यांना हे शिकवावंच लागत नाही. 'अं बों वँ ब्लां', म्हणजे एक छान पांढरी वाइन, या चार शब्दांत चारही अनुनासिक स्वर येतात, म्हणून सगळीकडे हेच वाक्य घोटून घेतात. (पॅरिसकडचे लोक आज यातला पहिला आणि तिसरा स्वर सारखाच म्हणतात, तेव्हा तिथे गोंधळ झाला तर घाबरू नकोस.) 'छान' या अर्थाचं विशेषण पुल्लिंगी असेल तर 'बों', स्त्रीलिंगी असेल तर 'बॉन'. पहिल्यात न ऐकू आला तर लिंगच बदलतं.

घशातला र सगळ्यांना सर्वांत मोठा डोंगर वाटतो. मला तो सगळ्यांत कमी महत्त्वाचा वाटतो. ग़ज़ल म्हणताना नीट उर्दू उच्चाराने जो ग़ येतो, त्याच्या आसपास तो आहे. नाही जमला तर आपला जिभेचा र चालव. आफ्रिकेतल्या अनेक देशांत असाच र वापरणारे लोक अस्खलित फ्रेंच बोलतात आणि कोणाचं काही अडत नाही. घशातल्या र वर आठवडे घालवून 'वर' आणि 'खाली' एकसारखं म्हणणारी मुलं पाहिली की जीव हळहळतो.

मग येतात मुकी अक्षरं. शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुधा बोलत नाहीत. सी, आर, एफ, एल ही चार बहुतेकदा बोलतात (ई-आर ने संपणाऱ्या क्रियापदांच्या मूळ रूपातला शेवटचा आर मात्र मुका). 'मी बोलते', 'तू बोलतेस', 'ते बोलतात' यांची फ्रेंच रूपं लिहायला तीन वेगळी, ऐकायला तिन्ही 'पार्ल'. पुस्तक एक असो वा दहा, 'लीव्र' तसाच ऐकू येतो, फक्त आधीचं 'ल' जाऊन 'ले' येतं. म्हणून नाम कधीही सुटं पाठ करायचं नाही, आधीच्या उपपदासकटच करायचं. वहीत 'लीव्र' लिहिलेला दिसला तर तो खोड आणि 'ल लीव्र' लिही.

पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की हेच मुकं व्यंजन बऱ्याचदा जागं होतं आणि पुढच्या शब्दाला चिकटतं. 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी', म्हणजे मित्रमंडळी. संस्कृतातल्या संधी तू शाळेत केल्या आहेस, त्यामुळे शब्द असे एकमेकांत मिसळतात याचं तुला नवल वाटायला नको. हे मिसळणं कानाने ओळखता येत नाही म्हणून नवशिक्यांना फ्रेंच लोक भरभर बोलतात असं वाटतं. खरं तर शब्द कुठे संपतो हेच कळलेलं नसतं. काही शब्दांच्या सुरुवातीचा एच मुका असूनही संधी होऊ देत नाही: नायकांना 'ले एरो' म्हणायचं, 'लेझेरो' म्हटलंस तर त्यांची शून्यं होतात.

इथे एक ताकीद. मी या उत्तरात उच्चार देवनागरीत लिहिते आहे, पण तू वहीत तिसऱ्या आठवड्यानंतर हे करू नकोस. 'कॉमां ताले वू' असं लिहून पाठ केलं की डोळा देवनागरी वाचतो आणि कान बंद होतो. त्याऐवजी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतली फ्रेंचपुरती चिन्हं शिक, दोन रविवारांचं काम आहे. ही लिपी तयार करणारी संस्था १८८६ मध्ये पॅरिसमध्येच भाषाशिक्षकांनी उभी केली, ती अशाच वर्गांसाठी. शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे ती चिन्हं असतात.

आता व्याकरण, आणि मराठीचं भांडवल. तुला फ्रेंच व्याकरण इंग्रजीतून समजावतात, म्हणून ते दुप्पट अवघड वाटतं. इंग्रजीत जे नाहीच ते इंग्रजीतून समजावणं मुळात कठीण. घरी येऊन प्रत्येक नियम मराठी वाक्यावर घासून पाहा. कर्ता, कर्म, विशेषण, धातुसाधित हे शब्द तुला येतात, ते वापर.

लिंगाचंच घे. खुर्ची स्त्रीलिंगी का, असा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्याला छळतो. तुला निर्जीव वस्तूंना लिंग असणं, त्याप्रमाणे विशेषण बदलणं, 'मोठा वाडा, मोठी खोली, मोठं घर' हे सगळं अंगवळणी आहे. तुझ्याकडे तीन लिंगं आहेत, तिथे दोनच. फक्त मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नकोस. शब्दाच्या शेवटावरून बराच अंदाज येतो: टी-आय-ओ-एन ने संपणारे जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी, एम-ई-एन-टी वाले बहुतेक पुल्लिंगी, ए-जी-ई वाले बहुतेक पुल्लिंगी, मात्र चित्र, पान आणि समुद्रकिनारा यांचे शब्द त्याला अपवाद.

भूतकाळ मात्र निवांत बसून करण्यासारखा आहे, कारण इथे मराठी मुलं सगळ्यांत जास्त घाबरतात आणि इथेच मराठी सगळ्यांत जास्त कामी येते. 'तो गेला, ती गेली, ते गेले.' क्रियापद कर्त्याप्रमाणे बदललं. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली.' क्रियापद कर्माप्रमाणे बदललं. बोलणारी तूच, तरी 'खाल्ला' आणि 'खाल्ली' ठरवलं आंब्याने आणि पोळीने. आता फ्रेंच बघ. जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशा थोड्या क्रियापदांना भूतकाळात 'असणे' हे सहायक क्रियापद लागतं आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. बाकी बहुतेकांना 'जवळ असणे' या अर्थाचं सहायक लागतं, आणि तिथे कर्म आधी आलं असेल तर धातुसाधित कर्माप्रमाणे बदलतं. 'मी लिहिलेलं पत्र' या अर्थाच्या रचनेत फ्रेंचमध्ये पत्र स्त्रीलिंगी आणि ते क्रियापदाच्या आधी येतं, म्हणून 'एक्री'चं 'एक्रीत' होतं: 'ला लेत्र क जे एक्रीत'. वर्गात इंग्रजीतून हा नियम सांगितला की मुलं माना खाली घालतात, आणि फ्रान्समध्येही शाळेत यावर मुलांच्या वह्या लाल होतात. तुझ्या घरात चौथीतलं पोरही 'मी पोळी खाल्ला' म्हणत नाही.

हा सारखेपणा कुठे संपतो तेही लक्षात ठेव. कर्म नंतर आलं की फ्रेंचमध्ये काहीच बदलत नाही, मराठीत बदलतं. 'धावणे', 'हसणे' आपल्याकडे कर्त्याप्रमाणे चालतात, फ्रेंचमध्ये ती दुसऱ्या गटात जातात. 'असणे' घेणारी क्रियापदं दीड-दोन डझनांच्या आतबाहेर आहेत, ती पाठच करायची. शिवाय स्वतःवर होणाऱ्या क्रियांची, म्हणजे उठणं, आंघोळ करणं, कपडे घालणं यांची रूपं त्याच गटात.

तसंच भूतकाळाचे दोन प्रकार. 'काल आम्ही आजीकडे गेलो' आणि 'लहानपणी आम्ही आजीकडे जायचो' यांतला फरक तुला कोणी समजावून सांगावा लागत नाही. फ्रेंचमध्ये या दोन वाक्यांना दोन वेगळे काळ आहेत. इंग्रजीत दोन्हीकडे एकच रूप चालून जातं, म्हणून इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे वर्षभर अडखळतात. मनात 'जायचो, करायचो, असायचं' आलं की दुसरा काळ वापर, दहातल्या आठ वेळा बरोबर येईल. 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' यातलं 'यावंस' हे रूपही आठवणीत ठेव. दुसऱ्या वर्षी ज्या क्रियारूपाच्या नावाने वरच्या वर्गातली मुलं तुला घाबरवतील, ते याच्याच जवळचं आहे. आणि 'माहीत असणं' व 'ओळखणं' यांना फ्रेंचमध्येही दोन क्रियापदं आहेत.

मराठी जिथे दगा देते त्या जागाही सांगते. 'मी त्याला पाहते' आणि 'मी त्याला पुस्तक देते' यांत आपण एकच 'त्याला' वापरतो. फ्रेंचमध्ये पहिल्याला 'ल', दुसऱ्याला 'ल्युई'. इथे मराठीवर विसंबलीस की चुकलीस. उपाय एकच: क्रियापद पाठ करताना त्याच्यामागे 'आ' हे शब्दयोगी येतं की नाही, तेही पाठ करायचं. 'देणे'मागे येतं, 'पाहणे'मागे येत नाही. दुसरं, आपण नुसतं 'येते' म्हणून मोकळे होतो. तिकडे 'मी', 'तू' म्हणावंच लागतं, कारण क्रियापदाचा शेवट ऐकू येत नाही. तिसरं, उपपदं. 'मी भात खाते' आणि 'मला भात आवडतो' यांतला भात आपल्याला एकच वाटतो. फ्रेंचमध्ये खाताना थोडा भात म्हणून 'द्यु री', आवडतो म्हणताना भात ही गोष्टच, म्हणून 'ल री', आणि 'खात नाही' म्हटलं की नुसतं 'द री'. या तिन्हींची रोजच्या जेवणाबद्दल वाक्यं कर, महिनाभरात बसेल.

अंकांवर फार बोलत नाही. सत्तरसाठी साठ-दहा, ऐंशीसाठी चार-वीस, नव्वदसाठी चार-वीस-दहा असं म्हणतात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, पण परीक्षेत फ्रान्सचेच लिही. फोन नंबर मोठ्याने वाचायची सवय ठेव. तिकडे ते दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात आणि ऐकण्याच्या चाचणीत हमखास येतात.

महिना संपला की अर्ध्या तासाची वाटणी बदल: दहा मिनिटं ऐकणं, दहा मिनिटं मोठ्याने वाचणं, दहा मिनिटं लिहिणं. ऐकायला तेवे सँक मोंद या वाहिनीच्या शिकणाऱ्यांसाठीच्या संकेतस्थळावर ए१पासून छोट्या चित्रफिती आणि त्यांवरचे सराव फुकट आहेत. दुसऱ्या वर्षी रेडिओ फ्रान्स आंतरनॅशनालचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र सुरू कर, त्याचा लिखित मजकूरही मिळतो. पहिल्या वर्षी ते ऐकशील तर हिरमुसशील. रोज नवी चित्रफीत शोधण्यापेक्षा एकच चित्रफीत आठवड्यात सात वेळा ऐक: आधी मजकुराशिवाय, मग मजकुरासकट, मग ऐकून वहीत उतरवून. ऐकून लिहिणं, ज्याला तिकडे 'दिक्ते' म्हणतात, हा फ्रान्समधल्या शाळांचा जुना पाया आहे आणि मुक्या अक्षरांवर यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही.

ऐकताना एक गोष्ट चक्रावून टाकेल. पुस्तकातलं 'आम्ही'चं रूप लोक बोलताना फारसं वापरत नाहीत, त्याऐवजी 'ओं' म्हणतात. नकाराचे दोन तुकडे पुस्तकात शिकवतात, बोलताना पहिला तुकडा गळतो. 'मला माहीत नाही'चं घाईच्या बोलण्यात 'शे पा' होतं. परीक्षेत पुस्तकातलं लिही, कान मात्र दोन्हींना तयार ठेव.

लिहिण्याच्या दहा मिनिटांत आजच्या दिवसाबद्दल पाच वाक्यं. मोबाइलवरच्या भाषांतराला आधी हात लावू नकोस. स्वतः लिही, मग तपास, आणि चूक का झाली ते मराठीत समासात लिही. अक्षरांवरच्या खुणा गाळू नकोस, त्यांनी अर्थ बदलतो आणि गुणही जातात. मोबाइलवर अक्षर दाबून धरलं की खुणा येतात. संगणकावर अमेरिकन-आंतरराष्ट्रीय कळफलक निवडलास की वेगळं काही घ्यावं लागत नाही.

आणि वर्गात बोल. मराठी माध्यमातली मुलं मागच्या बाकावर बसतात आणि वाक्य मनात पूर्ण जुळल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. तोवर प्रश्न पुढे गेलेला असतो. पुढे बस. 'पुन्हा सांगाल का', 'याला काय म्हणतात', 'मला कळलं नाही' ही तीन वाक्यं फ्रेंचमध्ये पहिल्याच आठवड्यात पाठ कर आणि इंग्रजीऐवजी तीच वापर. शिक्षकांना तू नेहमी 'वू' (आपलं 'तुम्ही') म्हणायचं, मैत्रिणीला 'त्यु' (आपलं 'तू'). तुझ्या शिक्षकांना मराठी येत असेल तर तासानंतर शंका मराठीत विचार, त्यात कमीपणा काही नाही.

परीक्षांबद्दल. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका बरीचशी लेखी असते. तिथे उत्तम गुण मिळवूनही समोरच्याशी चार वाक्यं न बोलता येणारे पदवीधर मला भेटतात. म्हणून वर्षअखेर डेल्फची ए१ परीक्षा दे, आणि दुसऱ्या वर्षअखेर ए२ किंवा तयारी असेल तर सरळ बी१. ही फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची प्रमाणपत्रं १९८५ पासून आहेत आणि ती आयुष्यभर चालतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण, एकूण शंभरात ५० हवेत, आणि कुठल्याही भागात ५ च्या खाली गेलीस तर बाकी कितीही मिळाले तरी नापास. म्हणजे लेखीच्या जोरावर बोलणं झाकता येत नाही. ए१ची तोंडी परीक्षा पाच-सात मिनिटांचीच असते, त्याआधी तयारीला दहा मिनिटं देतात. पुण्यात आणि मुंबईत आलियांस फ्रांसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ही परीक्षा देता येते.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथले प्रमाणपत्राचे वर्ग किंवा आलियांसचे वर्ग जोडीला लावावेत का, हा प्रश्न पुढे तुला पडेलच. पहिल्या सत्रात नको. दोन ठिकाणची दोन पुस्तकं वेगवेगळ्या क्रमाने चालतात आणि शून्यापासून येणाऱ्याचा गोंधळ होतो. फीचाही विचार आहे. दुसऱ्या वर्षी, पाया बसल्यावर, बोलण्याच्या सरावासाठी जरूर लाव.

पुढे काय, हे तू विचारलं नाहीस, पण घरचे विचारतील. तिसऱ्या वर्षापर्यंत बी१च्या वर पोचलीस तर पुण्या-मुंबईत फ्रेंच ग्राहकांचं काम करणाऱ्या कंपन्या, भाषांतर आणि शिकवणं ही दारं उघडतात. एम.ए. करायचं तर पुणे, मुंबई, गोवा या तिन्ही विद्यापीठांत फ्रेंच आहे. फ्रान्समध्ये फ्रेंचमधून शिकवले जाणारे अभ्यासक्रम बहुधा बी२ मागतात. फ्रेंच शिकलेल्या भारतीय तरुणांना तिकडच्या शाळांत इंग्रजीच्या सहायक शिक्षक म्हणून काही महिने जाण्याची एक योजनाही आहे. तिची चौकशी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच विभागात कर. कॅनडाला जायच्या विचाराने शिकणारी मुलं तुला वर्गात भेटतील. २०२३ पासून तिकडच्या स्थलांतर योजनेत फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड होते हे खरं आहे, पण तिथे डेल्फ चालत नाही. त्यासाठी टेफ किंवा टीसीएफ या वेगळ्या परीक्षा लागतात, आणि त्यांचे निकाल डेल्फसारखे कायमचे नसतात. पहिल्या वर्षी त्यांच्यावर पैसे घालवू नकोस. आत्ता ए१च्या पुढच्या सत्राची तारीख बघून ठेव, कारण अर्जाची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते.